तिच्या नावाने

मेण गार व्हायच्या आत समोरचा दात केसभर बाहेर काढायचा, म्हणजे म्हातारीचा ओठ आत बसलेला दिसणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि फोन वाजला. हात गुंतलेले असले की ती फोन घेत नसे. पण नाव डॉक्टरीणबाईंचं होतं, दातांच्या, आणि त्यांच्याच पेशंटची कवळी तिच्यासमोर अर्धवट उभी होती. तिने करंगळीने फोन स्पीकरवर टाकला. बाईंनी कवळीचं विचारलंच नाही. तुमचं काही अडलंय का, असं त्यांनी विचारलं. सकाळी तुमची मेल आली, माझ्या फोनवर एक नंबर येईल तो लगेच कळवा म्हणून. आणि नंबर खरंच आला, पण म्हटलं आधी विचारावं. "मी कुणाला मेल केलेली नाही," ती म्हणाली. बाई जपून म्हणाल्या, "पण खाली लिहिलंय, वेळेवर पोटात काहीतरी ढकला. हे तुम्हीच म्हणता ना नेहमी."

म्हणत असे. कवळी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला, डॉक्टरीणबाईंना, लेकीला, दारावर पार्सल घेऊन येणाऱ्यालाही. इतक्या वर्षांत त्या शब्दांकडे तिचं कधी लक्षही गेलं नव्हतं, आणि आता ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून परत आले तेव्हा तिला ते एकदम उघडेवाघडे वाटले, अंगावरचा कपडा कुणीतरी काढून दोरीवर टांगावा तसे. तिने बाईंना सांगितलं की नंबर कुणालाही देऊ नका, मी बघते. काय बघणार हे तिलाही माहीत नव्हतं. फोन ठेवला तोवर मेण थिजलं होतं आणि समोरचा दात तिरका राहिला होता. तिने तो तसाच सोडला, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आपलं मेलचं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड चुकीचा, असं आलं. तिने सावकाश, एकेक अक्षर बोटाने दाबत परत घातला. चुकीचा. स्वतःच्या घराच्या दाराशी उभं राहावं, आतून कुणीतरी चालल्याचा आवाज यावा आणि आपली किल्ली फिरू नये, तशी ती त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिली. तिच्या दातांच्या लॅबच्या दोन खोल्यांत एरवी आवाज असायचा तो पॉलिशच्या चाकाचा. तो बंद होता. मांडणीवर ओळीने ठेवलेले प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव, सगळे उघडे.

लेकीला फोन करणं तिला जिवावर आलं होतं. लेक दुसऱ्या शहरात एका बँकेच्या तक्रार विभागात होती, आणि असले रडकुंडीला आलेले फोन घेणं हेच तिचं काम होतं. आपला फोनही त्याच रांगेतला व्हावा हे तिला नको होतं. पण लेकीने पहिल्या वाक्यातच आवाज बदलला. कामावरचा, सपाट, घाई न करणारा आवाज. घाबरू नको, मी सांगते तसं कर, आधी हे सांग की गेल्या काही दिवसांत कुठल्या मेसेजमधल्या लिंकवर बोट लावलंस. ती नाही म्हणणार होती, आणि म्हणता म्हणता तिला आठवलं. तयार दातांची पाकिटं यायची होती आणि येत नव्हती, एका पेशंटच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि पत्ता अपुरा असल्याने तुमचं पार्सल परत जात आहे असा मेसेज आला. हाताला ओलं प्लास्टर होतं. तिने वैतागून ते पान उघडलं, मेलचा पत्ता मागितला तो दिला, पासवर्ड मागितला तो दिला, पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. म्हणजे काम झालं, असं समजून ती विसरून गेली होती. फोनच्या काचेवर प्लास्टरचा एक पांढरा ठसा मात्र बराच वेळ होता, तो तिने नखाने खरवडला होता. हे का आठवतंय, असं तिला वाटलं.

"आणि हाच पासवर्ड आणखी कुठे आहे?" लेकीने विचारलं. सगळीकडे, ती म्हणाली. विजेच्या बिलाला, दुकानांना, बँकेला सुद्धा. मग लेकीने काय होता ते विचारलं, आता सांगायला हरकत नाही, बदलायचाच आहे. तिने सांगितला. लेकीचं पाळण्यातलं लाडाचं नाव आणि पुढे जन्माचं साल. लेकीचा कामावरचा आवाज तिथे थोडासा घसरला. "अगं आई," ती म्हणाली, आणि नाक ओढल्यासारखा आवाज आला, आणि मग परत सपाट सुरात पुढे. खातं परत मिळवायची वाट फोन नंबरवरून होती, आणि सुदैवाने तो नंबर खात्यात शिरलेल्या माणसाने अजून बदलला नव्हता. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, लांब, नावगाव नसलेला. त्याच्यावर दुसरं कुलूप, म्हणजे पासवर्ड कळला तरी फोनवर आलेल्या नंबराशिवाय कुणी आत शिरणार नाही. आणि तो नंबर कुणालाही सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही. "तू मागितलास तरी?" "मी मागितला तर मुळीच नाही. मी कशाला मागेन?" लेक असं बोलत होती आणि ती एकेक करत होती, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, आणि तिला जाणवत होतं की लहानपणी हिला बुटाची नाडी बांधायला शिकवताना आपला सूरही असाच होता. आधी हे, मग हे, आता ओढ.

खातं उघडलं. आतलं सगळं जागच्या जागी दिसत होतं. काही विस्कटलेलं असतं तर बरं झालं असतं. लेकीने तिला एका जागी नेलं, तिथे हे खातं कुठून कुठून उघडलं गेलं ते दिसत होतं. एक तिचा फोन. एक हा कॉम्प्युटर. आणि तिसरं कुठलंसं यंत्र, पुढे एका गावाचं नाव, जे तिने कधी ऐकलेलं नव्हतं. ते यंत्र कितीतरी दिवस तिच्यासोबत आत बसलेलं होतं. ती सकाळी चहा पिताना लेकीची मेल वाचायची तेव्हा तेही वाचत होतं. लेकीला ताप आला होता, तिने काय औषध घे लिहिलं होतं, नवरा गेला त्या वर्षीच्या जुन्या मेल होत्या, एका मैत्रिणीला कधीतरी लिहिलेलं नको ते होतं. सगळ्यावरून एक अनोळखी नजर सावकाश फिरली होती, आणि ती नजर तिच्या बोलण्याच्या लकबी टिपून ठेवत होती. ते यंत्र तिने बाहेर काढलं. नुसतं एक बटण होतं. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मग लेक म्हणाली की अजून एक बघायचं, आलेल्या मेल गुपचूप कुठे वळवायचा नियम त्याने लावून ठेवलाय का. नियम होता. एका पत्त्यावरून येणारी प्रत्येक मेल थेट कचऱ्यात जावी, न दिसता. कुणाचा पत्ता, लेकीने विचारलं. तिने वाचून दाखवला. "मामा?" लेक म्हणाली. हा शब्द त्या दोघींच्यात इतक्या वर्षांत उच्चारला गेला नव्हता की तो कुणा तिसऱ्याच्या घरातला वाटला. मग लेक घाईने म्हणाली, "आई, त्याने मामाकडूनही नंबर मागितला असेल. त्याला फोन कर. आत्ता कर." करते, ती म्हणाली. आणि फोन ठेवून तिने कचऱ्याची पेटी उघडली.

धाकट्या भावाशी तिचं भांडण झालेलं नव्हतं. हेच कुणाला समजावून सांगता येत नसे. शेतावरून, घरावरून, बायकोवरून, माणसं ज्या ज्या कारणांवरून तुटतात त्यातलं एकही नव्हतं. आई गेली, दिवस झाले, तो आपल्या गावी परत गेला, पोहोचल्याचा फोन केला, आणि मग त्याने केला नाही आणि तिनेही केला नाही. आधी वाटलं दमला असेल. मग वाटलं, तो करील. मग इतके दिवस झाले की आता केला तर इतके दिवस का नाही केलास हे आधी यायचं, आणि त्याला उत्तर नव्हतं. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. हे नुसतं साचत गेलं, तळाशी, हलवलं नाही म्हणून घट्ट होत गेलं. तो पोहायला शिकवायचा, नगरपालिकेच्या तलावावर. लहानपणी पाण्याबाहेर निघायचा नाही म्हणून ती त्याला बेडूक म्हणायची, आणि तेच नाव जुन्या मेलमध्ये होतं. तिथूनच त्या माणसाने ते घेतलं होतं.

"बेडक्या, कसा आहेस? खूप दिवसांत काही कळलं नाही. तुझी आठवण येत होती. वेळेवर पोटात काहीतरी ढकलत जा." तिच्या नावाने गेलेली पहिली मेल एवढीच होती. तिने ती वाचली आणि तिला राग आला नाही. एवढं सोपं होतं तर. आणि त्याचं उत्तर. ताई, मला वाटलंच नव्हतं, असं त्याने सुरू केलं होतं, आणि मग धरण फुटल्यासारखं लिहिलं होतं, नेहमीसारखे ऱ्हस्वदीर्घ चुकवत. तलावाचं नवं छप्पर, उन्हाळ्यात येणारी पोरं, त्याची बायको तिच्या भावाकडे राहायला गेली ती अजून तिकडेच आहे, वाईट काही नाही, तिला तिकडे बरं वाटतं. आणि मध्येच: मागच्या वर्षी तुझ्या गावात कामाला आलो होतो. तुझ्या लॅबसमोर गाडी लावून बसलो. वर खिडकीत तुझा दिवा होता, तू खाली मान घालून काहीतरी घासत होतीस. बराच वेळ बघितलं आणि निघालो.

तिने खिडकीकडे बघितलं. बाहेर रस्ता होता, एक बंद शटर, एक सायकल. ती त्या खिडकीशी रोज बसत होती. आणि याला त्या माणसाने उत्तर लिहिलं होतं: "अरे वेड्या, वर यायचं होतंस. मी चहा टाकला असता." बरोबर. अगदी हेच तिने लिहिलं असतं, स्वल्पविरामासकट. अरे वेड्या कुठून घेतलं हे तिला कळलं, लेकीचा एक पेपर बुडाला होता तेव्हा तिला लिहिलं होतं, अगं वेडे म्हणून. चहा कुठून घेतला हेही सापडलं असतं शोधलं तर. ती स्वतः पाकिटातले तयार दात घेऊन मेणात एकेक बसवते, माणूस हसतो तेव्हा कुणाला कळत नाही. तसं कुणीतरी तिची वाक्यं निवडून बसवत गेलं होतं, आणि भाऊ त्या हसण्याला भुलला होता. की भुलला नव्हता, भुकेला होता. पुढच्या मेलमध्ये त्याने गळ्याच्या ऑपरेशनचं लिहिलं होतं. गाठ निघाली, वाईट नव्हती, पण आवाज गेला तो गेलाच. घोगरा, चिरका येतो, पोरं पाण्यात असली की ऐकू जात नाही म्हणून आता शिट्टीवर शिकवतो. म्हणूनच फोन नाही केला, लिहिलेलं बरं. अजून कुणाला सांगितलं नाही. आणि उत्तर: "वाचून जीव खाली-वर झाला. आवाज कसाही असू दे, तू तूच आहेस." मग आज सकाळची. माझं खातं अडकलंय, तुझ्याकडे एक नंबर येईल तो कळव. त्याने कळवला होता. आणि त्याच्या मागोमाग, तिच्यासाठी म्हणून कचऱ्यात पडलेली त्याची शेवटची ओळ: ताई, नंबर चालला का? आणि एक विचारू का, एकदा येशील का इकडे?

याला त्या माणसाने उत्तर दिलेलं नव्हतं. त्याचं काम झालं होतं.

फोन हातात घेऊन ती दोन खोल्यांमधून फिरत राहिली. लेकीने सांगितलं होतं आत्ता कर, आणि ते बरोबर होतं, त्या नंबराने तो माणूस आत्ता भावाच्या खात्यात शिरला असेल, तिथून पोहायला येणाऱ्या पोरांच्या आईबापांपर्यंत. पण तिच्या मनात हळूच एक वेगळंच काहीतरी शिरलं होतं आणि ती त्याला हाकलत नव्हती. त्याला फक्त आजच्या मेलबद्दल सांगायचं. माझं खातं आज चोरीला गेलं, नंबर मागणारी मेल माझी नव्हे. आज. बाकीचं तसंच राहू द्यायचं. कुणाचं काय जातंय? त्याला बरं वाटलं असतं, आणि तिलाही. त्याचा दिवा, त्याची खिडकी, त्याचं अरे वेड्या, सगळं शाबूत. कुणीतरी चोरून का होईना तिच्या बाजूचं सगळं अवघड काम करून ठेवलं होतं, पहिलं वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि तिने नुसतं त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं होतं. स्वतःच्या नावामागे. तिला वाटलं, त्या माणसाने तिच्या घरातून काही नेलं नाही. त्याने एक गोष्ट आणून ठेवली, आणि ती ठेवून घ्यावीशी वाटतेय, हीच खरी चोरी. की असा विचार करणं म्हणजे उगाच स्वतःला शिक्षा. तिने भावाचा नंबर लावला. तो तिने कधी पुसला नव्हता.

वाजत राहिला. मग उचलला गेला आणि कोरडी कवळी चाकावर धरावी तसा एक खरखरीत आवाज आला, कोण म्हणून. तिला वाचून माहीत होतं. तरी तिचं अंग मागे सरलं. हा तो नव्हेच, त्या माणसाने त्याचा फोनही घेतला, असं एक क्षणभर तिला खरंच वाटलं. मग ती म्हणाली, बेडक्या, मी ताई बोलतेय, आणि घाईघाईने सगळं सांगून टाकलं. पार्सल, पासवर्ड, परका माणूस, तो नंबर. तो ऐकत राहिला. मध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, त्यालाही कडा होत्या. म्हणाला, दुपारपासून माझं खातं उघडत नाहीये, मला वाटलं मीच चुकतोय. तलावावरच्या दोन आयांचे फोन येऊन गेले, सर तुम्ही कसला नंबर मागताय म्हणून. तेही त्याला नीट कळलं नव्हतं. आता कळलं. मग तो म्हणाला, "म्हणजे आजची मेल तुझी नव्हती."

"नाही."

"आणि आधीच्या?"

समोर मांडणीवर जबडे होते. ती एका जबड्याखालचं नाव वाचत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि ते वाचून होईना. माझ्याच होत्या, म्हणायला दोनच शब्द लागले असते.

"त्याही नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

अजिबात न रागावता, नुसतं दमून, तो म्हणाला, "मग तू तरी ताईच कशावरून?"

ती खूण शोधू लागली. बेडूक हे नाव, तर ते त्या माणसाकडे होतं. लॅबची खिडकी, गाडी, बायको, गाठ, सगळं भावाने स्वतःच्या हाताने त्याला देऊन टाकलं होतं. जन्मतारखा, घरातली जुनी नावं, आईला काय झालं होतं, सगळं कुठल्या ना कुठल्या मेलमध्ये होतं. आपल्या दोघांत जे जे लिहिण्यासारखं होतं ते सगळं गेलं, असं तिला दिसलं. आणि मग जे लिहिण्यासारखं नव्हतं ते आतून वर आलं, इतक्या वर्षांत एकदाही न हललेलं.

"हॉस्पिटलात खाली कॉफीचं मशीन होतं," ती म्हणाली. "आपण एक कप मागितला आणि त्याने दोन दिले. मग तू परत बटण दाबलंस आणि ते देतच सुटलं. कप खाली पडत होते, तू रुमाल लावत होतास. आपण भिंतीला टेकून हसत होतो. मला उभं राहता येईना. तेव्हा नर्स जिन्यावरून खाली आली."

ती बोलली आणि तिला ते हसू परत ऐकू आलं, दोन मोठी झालेली माणसं, कित्येक रात्रींची जागी, पोटात दुखेपर्यंत हसताना. आणि जिन्यात थांबलेली नर्स, जिला हाक मारायची लाज वाटत होती. दोघं वर गेली तेव्हा आईचं तोंड बंद करून झालं होतं. त्यानंतर एकमेकांकडे बघितलं की ते हसू ऐकू यायचं. त्याला येत असेल हे तिला माहीत होतं. तिला येतं हे त्याला माहीत असणार. आणि म्हणून त्याने फोन केला नाही आणि तिने केला नाही. एवढंच होतं ते, आणि ते असं सांगता येण्यासारखं आहे हे तिला आजवर सुचलं नव्हतं.

"आपण हसत होतो तेव्हाच गेली का गं ती?" तो म्हणाला. त्या आवाजात ते लहान मुलाचं वाटलं नाही, म्हाताऱ्याचंही नाही.

"हो. बहुतेक तेव्हाच."

"कुणाला सांगितलंयस हे?"

"नाही. तू?"

"नाही." मग तो खाकरला, आणि खाकरणं संपेना, आणि शेवटी कसाबसा म्हणाला की बोललं की दुखतं, ठेवतो. ती म्हणाली, कशाला हात लावू नकोस, मी सकाळी निघते, आपण मिळून करू. त्याने बरं म्हटलं की नुसता श्वास सोडला, हे तिला कळलं नाही. कॉम्प्युटर बंद करून ती परत बाकावर बसली, ज्योत पेटवली, चाकूची चपटी बाजू तापवून मेण मऊ केलं आणि म्हातारीचा तिरका राहिलेला दात सरळ केला.

भावाचं घर तलावाच्या मागेच होतं, खालच्या मजल्यावर. दारातच दोरीवर टॉवेल वाळत होते आणि सगळ्याला पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास होता. तो जाड झाला होता. गळ्याशी आडवी रेघ होती, कॉलर लावली तरी दिसणारी, आणि ती कुणी बघू नये म्हणून तो मान खाली घालून बोलत होता. मिठी वगैरे झाली नाही. त्याने खुर्ची ओढून दिली. तिने लेकीने शिकवलं तसं त्याला शिकवलं, आधी हे, मग हे. फोन नंबरवरून खातं परत मिळालं, तिसरं यंत्र तिथेही होतं, तेच गाव. त्याने ते स्वतः बाहेर काढलं. मग एकेका आईबापाला त्याने खरं काय ते लिहून कळवलं, ती ऱ्हस्वदीर्घ सांगत गेली. एका आईने उलट लिहिलं की मुलाला यापुढे पाठवणार नाही. ते त्याने वाचलं आणि फोन उपडा ठेवला. बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, त्याच्या जागेवर आज दुसरा शिकवत होता.

"चांगलं लिहायचा तो," तो म्हणाला. ती म्हणाली की माझीच वाक्यं उचलून लिहायचा, सगळी माझीच होती.

"असतील. पण मला कधी आली नव्हती."

तिच्या डोळ्यांपुढे ते ऐकलेलं नसलेलं गाव आलं, एक खोली, एक पडदा, एक माणूस, कदाचित तरुण, कदाचित थकलेला, येशील का हे वाचून पुढच्याकडे वळलेला. त्याला हे दोघे आता आठवतही नसतील. किंवा आठवत असतील. आता दार बंद होतं, कुलपावर कुलूप होतं, आणि आतलं सगळं त्याने बघून झालं होतं. ते काही परत मिळणार नव्हतं. त्या मेल पुसून टाकू का, तिने विचारलं. त्याने मान हलवली, नको. तिला लागलं, आणि लागायला नको होतं असंही वाटलं.

नवा पासवर्ड घालायचा राहिला होता. तिने त्याला सांगितलं, लांब घाल, नाव नको, तारीख नको, तुझा तुलाच ठाऊक असा. आणि उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"तिकडे कशाला जातेस? बघितलंस तरी चालेल."

"बघायचं नसतं," ती म्हणाली.

मागे त्याने टाइप करायला सुरुवात केली. एका बोटाने, थांबत थांबत. मध्येच पुसून पुन्हा. बाहेर पोरं एका रांगेत काठावर बसली होती, पाय पाण्यात. तो काय लिहितोय याचा अंदाज बांधायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तिला काही येतही नव्हता. इतक्या वर्षांनंतर या माणसाला कुठला शब्द सुचेल हे तिला खरोखर माहीत नव्हतं. ती काचेकडे बघत उभी राहिली. "परत घाल म्हणतोय," त्याचा तो आवाज मागून आला. घाल, ती म्हणाली. तो पुन्हा पहिल्यापासून लिहू लागला, आणि तो वळ म्हणेपर्यंत तिला घाई नव्हती.